गाडी बसली नाही

पांढुर्ण्याच्या संत्रा मंडीत दोन काटे आहेत, असं लोक म्हणायचे. एक फाटकापाशी सिमेंटच्या चौथऱ्यावर आणि दुसरा भाऊरावांच्या कपाळाखाली. फाटकाजवळचा काटा वर्षातून दोनदा तरी बिघडायचा. भाऊरावांचा डोळा बिघडल्याचं कुणाच्या ऐकण्यात नव्हतं, आणि कुणी तसं म्हटलं असतं तर भाऊरावांनी ते ऐकूनही घेतलं नसतं.

हमालीत त्यांची हयात गेली होती. संत्र्यांची कॅरेट कोणत्याही गाडीत चढवायची असोत, भाऊराव आधी गाडीच्या मागे उकिडवे बसायचे आणि पाट्यांकडे, म्हणजे चाकावरच्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगांकडे, बघायचे. रिकाम्या गाडीचे पाटे कमानीसारखे वाकलेले असतात. माल चढत जातो तसे ते सरळ होत जातात, आणि गाडीचं मागचं अंग खाली बसत जातं. चाक आणि वरचा पत्रा यांच्यात चार बोटं उरली की भाऊराव हात वर करायचे. मग मालक हात जोडो की ड्रायव्हर शिव्या देवो, त्या गाडीत एक संत्रंही चढत नसे. त्यांनी भरलेली गाडी सिल्लेवानीच्या घाटात कधी अडकली नाही, कधी उलटली नाही. नवीन व्यापारी हुज्जत घालायला लागला तर जुने त्याला बाजूला घेऊन सांगायचे, "तो म्हनते तर आयकून घे. भाऊरावनं भरली म्हनजे बरोबरच भरली."

याचा भाऊरावांना गर्व होता. का नसावा? चौथीत शाळा सुटलेल्या, दुसऱ्याचा माल पाठीवर वाहणाऱ्या माणसाला भर बाजारात लोक 'राव' लावून हाक मारतात, ते काही फुकट नाही.

त्यांचा मुलगा प्रतीक मात्र पाठीवर काही वाहणार नव्हता. तसं त्याच्या आईनं, इंदूनं, तो पाळण्यात असतानाच ठरवून टाकलं होतं. सौंसरच्या कॉलेजात तो बी.ए. झाला. तिथं त्याच्या बाकावर रामाकोन्याचा वैभव बसायचा, म्हणजे रघुनाथराव बागायतदारांचा मुलगा. दोघांनाही नोकरी लागली नाही. वैभवचं त्यावाचून अडत नव्हतं, प्रतीकचं अडत होतं. शेवटी दोघांनी मिळून एक वापरलेली फोर-बाय-फोर गाडी घेतली, टपावर कॅरियर बसवलं आणि नागपूरच्या लोकांना तामिया, पाताळकोट दाखवायला सुरुवात केली. हे लोक मोठे मजेशीर. घरी मऊ गादीवर त्यांना झोप लागत नाही, आणि दगडधोंड्यात तंबू ठोकून दिला की लगेच घोरायला लागतात. प्रतीक त्यांना चुलीवरचं जेवण घालायचा, जंगल दाखवायचा, आणि ती सगळी मंडळी त्याच्यावर खूश असायची.

तक्रार एकच होती, गाडीची. तंबू, पाण्याचे ड्रम, गॅस असं सगळं भरलं की मागचं अंग खाली बसायचं आणि पुढचे दिवे आभाळाकडे बघायचे. खडकाळ रस्त्यावर तर आतल्या माणसांची कंबर मोडून यायची. पाऊस उघडल्यावर प्रतीक गाडी नागपूरला घेऊन गेला आणि आठवडाभरानं परत आला तो लग्नातल्या नवरदेवासारखा तोऱ्यात. गाडी अंगणात उभी करून त्यानं आधी वडलांनाच बोलावलं.

"बाबा, खाली वाकून पाहा. हे नवे शॉकअप. ह्या चकतीनं कडक करा नाही तर नरम करा, रस्ता असन तसं."

"अन् हे भोपळे कायचे?" भाऊरावांनी विचारलं. पाट्यांच्या वर, दोन्ही बाजूंना, रबराचे काळे जाड गोळे बसवले होते.

"हवेचे फुगे हाय ते. मागून गाडी बसली का अंदरचं हे बटन दाबाचं. हवा भरते अन् गाडी सरळ उभी राहते."

"कितीही टाकलं तरी?"

"बसतच नाही, बाबा," प्रतीक म्हणाला. त्याची बायको करुणा दारात उभी होती. नवऱ्याचं ते उजळलेलं तोंड बघून तिला हसू आलं.

नवी वस्तू घरात आली की माणूस दोन शब्द जास्तच बोलतो. फुगे बसवणाऱ्यानं प्रतीकला बजावून सांगितलं होतं, की याच्यानं गाडी सरळ दिसेल, पण गाडीची ताकद होती तेवढीच राहील. वजन पूर्वीइतकंच घालायचं. प्रतीकला ते पक्कं ठाऊक होतं. वडलांनाही ठाऊक असणार, असं तो धरून चालला. ज्या माणसाला अख्खी मंडी काटा म्हणते त्याला वजनाचं काय शिकवायचं? शिकवणं त्याला उद्धटपणाचं वाटलं असतं. उलट तो म्हणाला, "आता मंडीत जानं बंद करा. घुटने वाजून राहिले तुमचे. आमची गाडी भरून देत जा, बस. तुमच्यावानी नजर कोनापाशी हाय?"

 दुसऱ्या दिवशी भाऊरावांनी मंडीतल्या सोबत्यांना चहा पाजला आणि खांद्यावरचं फडकं घडी करून घरी आणून ठेवलं. पोरानं आपला मान ठेवला, या सुखात ते पुढचे दोन महिने होते.

डिसेंबरात संत्र्यांच्या आंबिया बहाराची तोड जोरात असताना प्रतीकला मोठी सफर मिळाली. नागपूरची आठ-दहा मंडळी दोन रात्री पाताळकोटात खाली मुक्काम करणार होती. वैभव त्यांना दुसऱ्या गाडीतून नेणार, आणि प्रतीक आपल्या गाडीतून सगळं सामान घेऊन मागून जाणार, असं ठरलं. सामान रामाकोन्याच्या बागेत ठेवलेलं होतं, म्हणून गाडी तिथंच भरायची होती. सकाळीच प्रतीक आणि वैभव पाहुण्यांना उतरवून घ्यायला सौंसरच्या बस स्टँडवर गेले. जाताना प्रतीकनं किल्ली वडलांच्या हातात दिली. "तुम्ही भरून ठेवा. मी आलो का निघतो."

भाऊरावांनी तंबू चढवले, पाण्याचे ड्रम चढवले, जनरेटर, गॅस, रेशन. सगळं नीट बसलं. मग रघुनाथराव आले. बागेत तोडलेल्या संत्र्यांची कॅरेट झाडांखाली रचून ठेवलेली होती.

"भाऊराव, गाडी जाऊनच राहिली तर थोडी संत्री बी जाऊ दे. तिथला कॅम्पवाला कवाचा मागून राहिला. रस बनवते अन् विकते."

आता या मुलखात हंगामाच्या दिवसांत जागा असलेली गाडी तशीच नेणं म्हणजे पंगतीत वाढलेलं पान टाकून उठण्यासारखं. बागायतदाराला ते बघवत नाही आणि हमालालाही बघवत नाही. भाऊरावांनी कॅरेट घ्यायला सुरुवात केली. बागेतल्या बाया हातोहात देत होत्या, ते आत रचत होते. थोड्या वेळानं खाली उतरून ते सवयीप्रमाणे मागे उकिडवे बसले. गाडी बसली होती. पाटे सरळ होत आले होते आणि चाकावर जेमतेम चार बोटं जागा होती.

एरवी इथं त्यांचा हात वर गेला असता. पण आता बटन होतं. त्यांनी आत जाऊन ते दाबलं. घुर्र आवाज झाला आणि गाडीचं मागचं अंग हळूहळू वर आलं. त्यांनी पुन्हा बसून पाहिलं. पाटे वाकलेले, चाकावर चांगली मोकळी जागा. इतक्या वर्षांत पाटे त्यांच्याशी कधी खोटं बोलले नव्हते. पाटे वाकलेले आहेत म्हणजे गाडीत जागा आहे, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि त्या माहितीवर ते आयुष्यभर जेवले होते. त्यांनी आणखी कॅरेट मागितली.

गाडी पुन्हा बसली. त्यांनी पुन्हा बटन दाबलं. गाडी पुन्हा उभी राहिली. खरं सांगायचं तर त्यांना गंमत वाटायला लागली होती. पोरानं काय चीज आणली आहे, असं वाटून छाती फुगत होती. आत जागा संपल्यावर त्यांनी वर कॅरियरवर रचायला घेतलं.

"अजून थोडेच राहिले, भाऊराव. बसन काय?" रघुनाथरावांनी विचारलं.

"गाडी तर उभीच हाय," भाऊराव म्हणाले. "द्या."

प्रतीक आला तेव्हा ताडपत्री ओढून दोर आवळून झाले होते. त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली, मागे वाकून बघितलं.

"कितीक झाले, बाबा?"

"मावले तेवढे."

भाऊराव आकडा कधी सांगत नसत. आकडे सांगणं त्यांना बनियाचं काम वाटे. प्रतीक हसला. "एकदम सरळ उभी हाय," म्हणाला, आणि गाडीत बसला. गाडी बागेतून बाहेर पडून डांबरी रस्त्याला लागेपर्यंत भाऊराव तिच्याकडे बघत होते. इतकी भरलेली आणि इतकी ताठ गाडी त्यांनी जन्मात बघितली नव्हती.

दुपारी वैभवचा फोन आला. त्याचा आवाज ओळखू येत नव्हता.

"काका, प्रतीकची गाडी पलटली. जिवंत हाय. छिंदवाड्याले घेऊन जाऊन राहिलो."

झालं ते असं. पाताळकोटात उतरणारा रस्ता वळणावळणाचा आहे. पुढे पाहुण्यांची गाडी होती, मागे प्रतीक. अर्ध्या उतारावर पाहुण्यांपैकी कुणीतरी मागे बघितलं तर प्रतीकची गाडी हॉर्न वाजवत सुसाट येत होती. पुढच्या गाडीला बाजूला व्हायला जागा नव्हती, एका अंगाला दरी होती. प्रतीकनं आपली गाडी दुसऱ्या अंगाला, डोंगराच्या कडेवर घातली. ती कडेवर चढली आणि उलटली. संत्री खालच्या वळणापर्यंत घरंगळत गेली. वानरांनी खाल्ली, लोकांनी ओटीत भरून नेली. कॅरेट मोजण्याचं भान तिथं कुणालाच नव्हतं. पाहुण्यांनी जे पाहिलं ते पोलिसांना सांगितलं, आणि पोलिसांनी अतिवेग म्हणून गुन्हा लिहून घेतला.

छिंदवाड्याहून प्रतीकला नागपूरला हलवलं. जीव वाचला, पण मणका गेला. कमरेखाली काही उरलं नाही. डॉक्टरांनी करुणेला बाजूला घेऊन सांगितलं, आता आशेवर दवाखाने फिरू नका, घरी नेऊन नीट सांभाळा. करुणेनं ते घरी येऊन कुणाला सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती.

घरी बाहेरच्या खोलीत पलंग टाकला. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून प्रतीकला दर दोन-तीन तासांनी या कुशीवरून त्या कुशीवर करावं लागे. तो अंगानं भरदार. करुणेला एकटीला ते जमायचं नाही, आणि इंदूचे गुडघे कधीच गेलेले. ते काम भाऊरावांनी घेतलं. एक हात खांद्याखाली, एक कमरेखाली, आणि जराही हिसका न देता ते मुलाला अलगद फिरवत. गड्याला जे ओझं झेपत नाही ते हमालाला झेपतं, कारण त्याला उचलायचं कुठून हे कळतं. प्रतीक डोळे मिटून म्हणायचा, "तुमच्या हातानं दुखत नाही, बाबा." भाऊराव त्या एका वाक्यावर दिवस काढत.

बाकीचा सगळा दिवस प्रतीक तो उतार पुन्हा पुन्हा उतरायचा. छताकडे बघत बोलत राहायचा.

"पहिल्या वळनावरच मले गाडी जड वाटली होती. पन म्हटलं, बाबांनी भरली. वजनाचा सवालच नाही. म्हनजे माहाच पाय उशिरा पडला ब्रेकवर. गिअर बी उशिरा टाकला असन."

दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. "समोरच्या गाडीत दोन लेकरं होती. मी मारूनच टाकलं असतं त्यायले. तुम्ही इतकी साधून गाडी भरून दिली अन् माह्या हातून असं झालं."

रघुनाथराव भेटायला आले तेव्हा खुर्चीवर बसून तेही तेच म्हणाले. "आता झालं ते झालं. वजन तर बरोबरच होतं. भाऊरावनं भरली म्हनजे बरोबरच भरली." बोलताना त्यांनी भाऊरावांकडे बघितलं नाही. बागायतदारांच्या पोटातलं पाणी कधी हलत नाही, पण त्या दिवशी त्यांनी चहाही अर्धा तसाच ठेवला. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांचं त्यांना माहीत. भाऊरावांच्या मनात तोवर काहीच नव्हतं. पोरगं स्वतःच्या चुकीनं पडलं असं त्यांनाही वाटत होतं, आणि ते त्याला माफ करून बसले होते. ही गोष्ट मला सांगतानासुद्धा बरी वाटत नाही.

होळीच्या आधी एके दिवशी प्रतीक म्हणाला, "बाबा, गाडी बोरगावले मंगेशच्या गॅरेजवर पडली हाय. त्याले एकदा विचारून या. ब्रेकचं तेल गेलं होतं काय? पाइप फुटला होता काय?" त्याच्या आवाजात लाचारी होती. आपल्याऐवजी एखाद्या पाइपाची चूक निघावी, एवढंच त्याला हवं होतं.

भाऊराव बोरगावला गेले. मंगेश हा प्रतीकच्या ओळखीचा मिस्त्री. चेपलेली गाडी त्याच्या गॅरेजच्या मागे उभी होती आणि तिची चाकं काढलेली होती.

"तेल बरोबर हाय, काका. पाइप साबूत हाय," मंगेशनं सांगितलं. "पन हे ब्रेकचे लायनर पाहा. जळून कोळसा झाले. पोरगं उताराभर ब्रेक दाबूनच होतं. शेवटी शेवटी ब्रेक राहिलेच नाही."

"म्हनजे वेगात नव्हता?"

"वेगात जानारा मानूस ब्रेक असे जाळते काय? गाडी ढकलून राहिली होती त्याले. वजन लय होतं. काय भरलं होतं एवढं?"

"वजन बरोबर होतं," भाऊराव म्हणाले. "गाडी बसली नव्हती. मी सोता पाह्यलं."

"बसन कशी, काका? फुग्यात हवा होती ना. हवेनं गाडी उभी राहते. वजन थोडीच कमी होते? ब्रेकले तर तेवढंच वजन लागते."

मंगेश हे सहज बोलून गेला. मग हात पुसता पुसता त्याच्या लक्षात आलं की आपण कुणाशी बोलतो आहोत. त्यानं फडकं खाली ठेवलं.

"तुम्ही भरली होती काय?"

 भाऊराव गाडीमागे उकिडवे बसले, नुसतेच बसले, आणि त्यांना उठता येईना. मंगेशनं हात देऊन उठवलं.

"कोनाले सांगू नका," तो हळूच म्हणाला. "होनार ते होऊन गेलं. सांगून त्याचे पाय थोडेच परत येनार हाय."

मंगेश दिलासा द्यायला बोलला होता. भाऊरावांनी तो आधार घट्ट धरला. बसमध्ये पांढुर्ण्यापर्यंत ते हेच घोकत आले, की सांगून पाय परत येणार नाहीत. घरी आल्यावर प्रतीकनं मान वळवून विचारलं, "काय म्हनाला?"

"म्हनते, काही समजत नाही," भाऊराव म्हणाले.

प्रतीकनं तोंड भिंतीकडे केलं. थोड्या वेळानं कूस बदलायची वेळ झाली. भाऊरावांनी त्याला फिरवलं आणि तो म्हणाला, "तुमच्या हातानं दुखत नाही, बाबा." भाऊराव न्हाणीत जाऊन उगीच बादलीभर पाणी ओतून आले.

सांगायचं त्यांनी रोज ठरवलं. सकाळी ठरवायचं आणि दुपारी मोडायचं. एकुलता एक मुलगा, आणि त्याच्याकडे आता दुसरं काही नाही, एक बापावरचा भरवसा तेवढा आहे. तोही काढून घ्यायचा का, असं ते स्वतःला विचारत. प्रश्न मोठा दयाळू होता. त्याच्या आत दडलेला दुसरा प्रश्न त्यांना कळत होता, की तो भरवसा गेला तर आपल्याकडे काय उरतं. होळी झाली. ऊन तापायला लागलं. प्रतीकचं जेवण अर्ध्या पोळीवर आलं. वैभव यायचा, थोडा वेळ बसायचा. एकदा तो म्हणाला, गाडी नवी घेऊ, तू नुसता फोनवर गिऱ्हाईक सांभाळ. प्रतीकनं सांगितलं, "माह्या भरवशावर लोकायचा जीव नको देऊ." त्यानंतर वैभवही कमी यायला लागला.

मग जयंती जवळ आली. गल्लीत पोरं निळ्या पताका बांधत होती. शिडी कुणाची, दोरी कुणाची यावरून त्यांची हमरीतुमरी चालली होती. दरवर्षी हे काम प्रतीक पुढे होऊन करायचा. त्यानं करुणेला खिडकी लावून घ्यायला सांगितलं. खिडकी लावून ती उशीची खोळ बदलायला गेली आणि तशीच बाहेर ओट्यावर आली. भाऊराव तिथं बसले होते. तिनं मूठ उघडली.

"बाबा, हे ह्यांच्या उशीच्या खोळीत होतं."

गोळ्या होत्या. झोपेच्या. रोज रात्री ती आपल्या हातानं एक द्यायची, पाणी द्यायची आणि दिवा मालवायची.

"गिळतच नव्हते," करुणा म्हणाली. "जमा करून राहिले." ती रडली नाही. गोळ्या पुन्हा मुठीत घट्ट धरून ती म्हणाली, "आता मी काय करू, ते तुम्हीच सांगा."

भाऊराव उठले आणि आत निघाले. पलंगापाशी पोचेपर्यंत ठरवलेलं पुन्हा मोडेल, अशी त्यांना भीती होती, म्हणून ते उंबऱ्यातूनच बोलले.

"प्रतीक. गाडी मी जास्त भरली होती."

प्रतीकनं मान वळवली. "कशी? बसली तर नव्हती."

"बसून राहिली होती. मी बटन दाबत गेलो. उभी झाली का अजून टाकत गेलो. मले वाटलं जागा हाय."

"वरतं कॅरियरवर बी?"

"वरतं बी. राहिले होते तेवढे सगळे."

 बाहेर पोरं हसत होती. मग प्रतीकनं विचारलं, "अन् मंगेश?"

"त्यानं सांगितलं. ब्रेक जळून गेले होते. तू उताराभर दाबूनच होता. वेगात नव्हता तू. तुही काहीच चूक नव्हती, बाबू."

"माही चूक नव्हती," प्रतीक म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "करुणा, आयकलं काय? माही चूक नव्हती." ती दारात आली होती. तो हातांवर जोर देऊन उठायला बघत होता, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. करुणेनं त्याला उशीला टेकवून बसवलं. कित्येक महिन्यांनी त्याच्या तोंडावर रंग दिसला. त्यानं तिला पुन्हा पुन्हा तेच सांगितलं, की ब्रेक जळले होते, आपण पूर्ण वेळ दाबून होतो, त्या लेकरांना आपण मुद्दाम वाचवलं. त्यानं वैभवला फोन लावून तेच सांगितलं. मग भूक लागली म्हणाला. इंदूनं भाकरी टाकली, वांग्याची भाजी वाढली, आणि तो ताट पुसून जेवला. आत चुलीपाशी इंदू पदरानं डोळे पुसत होती. तिनंही सगळं ऐकलं होतं. भाऊराव भिंतीला पाठ लावून हे बघत होते. पोरगं वाचलं, एवढं त्यांना कळलं, आणि त्या क्षणी त्यांना फार बरं वाटलं.

जेवण झाल्यावर प्रतीकनं त्यांच्याकडे बघितलं.

"मंगेशनं तुम्हाले कवा सांगितलं?"

"मी गेलो तवाच."

"होळीच्या आधी गेले होते तुम्ही."

"हो."

"आता जयंती आली." प्रतीकचा आवाज चढला नाही. "इतके दिवस मी रोज तुमच्यासमोर डोकं फोडून राहिलो होतो, बाबा. तुम्ही आयकत होते."

  घड्याळात कूस बदलायची वेळ होऊन गेली होती. भाऊराव सवयीनं पुढे झाले, वाकले, एक हात खांद्याखाली घातला. प्रतीकनं त्यांचं मनगट धरलं आणि हात बाहेर काढून ठेवला.

"तुम्ही नका लावू हात. आईले बोलवा."

इंदू आली. एका बाजूला ती, एका बाजूला करुणा. दोघींनी चादरीची टोकं धरून ओढलं. प्रतीकचं अंग अर्ध्यावर आलं आणि परत पडलं. एक पाय पलंगावरून खाली घसरला. त्याचे ओठ घट्ट मिटलेले होते, खांद्यात कळ येत असणार, पण त्यानं वडलांना हाक मारली नाही. भाऊरावांचं पाऊल आपोआप पुढे पडलं.

"तुम्ही बाहेर बसा," इंदू मान वर न करता म्हणाली.

भाऊराव बाहेर ओट्यावर जाऊन बसले. आत दोघी पुन्हा जोर लावत होत्या.